पहिलं पुस्तक काढताय? छापखान्यात जाण्याआधी हा हिशोब मांडा



मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला, "सर, लिहून तयार आहे, आता पुस्तक कसं काढायचं?" म्हणून आज माझ्याच फसगतीपासून सुरुवात करतो.

माझं पहिलं पुस्तक किराणा दुकानाच्या हिशोबावर होतं. एका कंपनीने 'पॅकेज' दिलं. 45,000 रुपये भरा, 300 प्रती घ्या, बाकी सगळं आम्ही बघतो. मी भरले. पुस्तक आलं, पेढे वाटले. पानोपानी चुका होत्या, 'उधारी'चं 'उधरी' झालेलं. तरी ओळखीवर दीडेकशे प्रती गेल्या. मग एका व्यापारी संघटनेने 200 प्रती मागितल्या, आणि तेव्हा कुठे मी करार नीट वाचला. सर्व हक्क कायमचे कंपनीकडे! स्वतःचंच पुस्तक मला पुन्हा छापता येईना. आपण दुकानाचा गाळा घेताना भाडेकरार दहादा वाचतो, आणि इथे शेवटच्या पानावर थेट सही करून मोकळे होतो.

आता क्रमाने बघू.

सगळ्यात आधी माल तपासा. घरचे आणि मित्र 'छान लिहिलंय' म्हणणारच, ते तुमचे कस्टमर नाहीत. जयंत नारळीकरांचं उदाहरण घ्या. ते तेव्हाच जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते, तरी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. नाव बाजूला ठेवून लेखन टिकतं का, हे त्यांनी पाहिलं. तुम्हीही दिवाळी अंक, पुरवण्या, स्पर्धा इथे आधी दोन-चार तुकडे पाठवा. अनोळखी संपादक छापतो की साभार परत करतो, यातून जे कळतं ते फेसबुकच्या लाइकमधून कळत नाही. आणि हो, दिवाळी अंकाला दिवाळीत पाठवू नका, त्यांचं काम कित्येक महिने आधी सुरू होतं.

नंतर प्रकाशक. आपल्याकडे दोन प्रकार आहेत. एक स्वतःचे पैसे घालतो आणि तुम्हाला मानधन किंवा रॉयल्टी देतो. दुसरा तुमच्याकडूनच पैसे घेतो. दुसरा वाईटच असतो असं नाही, पण तो प्रकाशक कमी आणि छपाईची सेवा देणारा जास्त, हे समजून पैसे द्या. त्याला मी आता तीन गोष्टी विचारतो: मुद्रितशोधन कोण करणार, विक्री कुठे करणार, आणि हक्क कोणाचे. पहिल्या प्रश्नालाच अडखळला तर उठायचं. पहिल्या प्रकारच्या प्रकाशकाकडे जाताना त्याची आधीची पुस्तकं बघा. फक्त कवितासंग्रह काढणाऱ्याकडे शेळीपालनाचं पुस्तक नेऊन काय होणार?

कराराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण माझं तिथेच बुडालं. लेखन पूर्ण झालं की कॉपीराइट आपोआप तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि तुमच्या सहीनेच देता येतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. माझ्या करारात 'कायमचे' हा शब्द स्पष्ट छापला होता, म्हणून मी अडकलो. तेव्हा मुदत लिहून घ्या, ई-बुक, ऑडिओ आणि भाषांतराचे हक्क वेगळे लिहून घ्या, आणि प्रती संपल्यावर ठराविक काळात पुन्हा छापलं नाही तर हक्क परत, ही ओळ टाकायला लावा.

आयएसबीएनचा मोठा गैरसमज आहे. तो 13 अंकी ओळख क्रमांक आहे, कॉपीराइट नव्हे. भारतात राजा राममोहन रॉय एजन्सीकडून तो मोफत मिळतो, स्वतः पुस्तक काढणारा लेखकही अर्ज करू शकतो. त्याचे वेगळे पैसे लावणाऱ्याला 'कशाचे?' असं जरूर विचारा.

आता आपला आवडता भाग, हिशोब. आकडे समजायला सोपे घेतलेत, तुम्ही तुमच्या गावचं कोटेशन घाला. समजा 500 प्रती, छपाई आणि बांधणी 35,000. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ मिळून 15,000. एकूण 50,000. किंमत 200 रुपये. स्वतः विकलं तर 250 प्रतींत पैसे वसूल. पण वितरकाला 40 टक्के कमिशन दिलं तर हातात 120 येतात, म्हणजे 417 प्रती विकाव्या लागतात. त्यातून 50 प्रती भेट गेल्या (जाणारच, काका-मामा आहेत) तर उरल्या 450. सगळ्या वितरकाकडून विकल्या गेल्या तरी 54,000 येतील, फायदा 4,000. आणि दुकानदार माल बहुतेक वेळा परतीच्या बोलीवर ठेवतो, पैसे विकल्यावरच. माल गेला म्हणजे विक्री झाली असं वहीत लिहू नका. मागणीनुसार एकेक प्रत छापून देणारेही आहेत. तिथे प्रत महाग पडते, पण घरात गठ्ठे साचत नाहीत.

म्हणून मराठी प्रकाशक पूर्वीपासून जे करतात तेच करा: प्रकाशनपूर्व सवलत. छापण्याआधी जाहीर करा, कमी किमतीत आगाऊ पैसे घ्या, यादी ठेवा. आधी तारीख पक्की करा मात्र. लोकांचे पैसे घेऊन सहा महिने टोलवाटोलवी केली तर तुमचं पुढचं पुस्तक कोण घेईल?

दुसऱ्या पुस्तकाला मी तेच केलं. 200 रुपयांचं पुस्तक 150 ला, मुदत एक महिना. 140 जणांनी पैसे भरले, 21,000 जमले. मी 500 छापणार होतो, यादी बघून 300 च छापल्या. मुद्रितशोधन एका निवृत्त शिक्षिकाबाईंना पैसे देऊन दोनदा करून घेतलं. पहिल्या पुस्तकाच्या 112 प्रती मात्र अजून घरी दिवाणाखाली आहेत. बायको दर दिवाळीला साफसफाईत त्या बाहेर काढते, आणि मी परत आत सरकवतो.