गाडीने चावीला ओळखलेच नाही!

मे महिन्यातली दुपार. नागपूरचे ऊन तुम्हांला ठाऊकच आहे. सदरमधल्या रेसिडेन्सी रोडच्या कडेला एक मोटार उभी होती. आमच्या शेजारचे काका आपल्या मुलीला प्रवेश परीक्षेच्या केंद्रावर सोडायला निघाले होते. मीही सोबत होतो. पाण्याची बाटली घ्यायला दोन मिनिटे थांबलो आणि परत गाडीत बसलो. केंद्राचे फाटक दीड वाजता बंद होणार होते. घड्याळात एकला दहा कमी होते.

काकांनी चावी फिरवली. सेल्फ नेहमीसारखा फिरला, इंजिन क्षणभर सुरू झाले आणि लगेच बंद पडले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

अशा वेळी सल्ला देणारे कमी नसतात. "बॅटरी उतरली असंल जी," एकजण म्हणाला. दुसऱ्याने उन्हाला दोष दिला. (नागपुरात कशाचाही दोष उन्हाला देता येतो!) तुम्हांला काय वाटते? बॅटरी उतरली असती, तर सेल्फ इतक्या जोमाने फिरला असता का? टाकीत पेट्रोल तर काट्यावर दिसतच होते. मग माझे लक्ष वेगमापकाशेजारी लुकलुकणाऱ्या एका छोट्या दिव्याकडे गेले. त्यावर मोटार आणि कुलूप यांचे चित्र होते. इंजिन बिघडलेलेच नव्हते. गाडी आम्हांला चोर समजत होती!

मुलीला आम्ही ताबडतोब रिक्षात बसवले. काका तिच्याबरोबर गेले, मी गाडीपाशी थांबलो. ती परीक्षेला वेळेवर पोहोचली, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे तुमचे लक्ष पुढच्या भागाकडे राहील.

या चोररोधक यंत्रणेला इमोबिलायझर म्हणतात. युरोपीय संघात १९९८ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. आज आपल्याकडच्याही पुष्कळ मोटारींत ती असते. चावीच्या काळ्या प्लॅस्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी चिप दडलेली असते. गंमत अशी, की या चिपला स्वतःचा सेल नसतो. मग ती चालते कशावर?

चावी घालतो त्या भोकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे एक वेटोळे असते. चावी फिरवताच गाडी त्यातून दर सेकंदाला सुमारे १ लाख २५ हजार वेळा मागेपुढे होणारा प्रवाह सोडते. चिपजवळही एक चिमुकले वेटोळे असते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्यात वीज निर्माण होते. फॅरडेने १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. त्या चिमूटभर विजेवर चिप जागी होते. पण हे क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने मंदावते. वेटोळ्यापासून थोडे दूर गेले, की अंतर दुप्पट होताच ते जवळजवळ एक-अष्टमांश होते. म्हणून चावी अगदी जवळच असावी लागते.

जागी झालेल्या चिपला गाडी एक प्रश्न विचारते. समजा, गाडी आणि चावी यांच्यात एक गुप्त नियम ठरला आहे : संख्येला ७ ने गुणून ३ मिळवायचे. गाडी म्हणाली १२, की चावीने ८७ म्हणायचे. उत्तर जुळले, तरच गाडीचा संगणक इंजिनात इंधन फवारू देतो. पुढच्या वेळी गाडी नवी संख्या विचारते, म्हणून चोराने चोरून ऐकलेले ८७ त्याच्या उपयोगी पडत नाही. पण समजा त्याने २५ ला १७८ हे उत्तरही ऐकले, तर? करून पाहा, नियम दोन मिनिटांत सापडेल. खरे नियम अर्थात फार गुंतागुंतीचे असतात. तरीही २००५ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आर.एस.ए. प्रयोगशाळा यांतील संशोधकांनी लाखो मोटारींत वापरल्या जाणाऱ्या एका चिपचे गुपित अशाच दोन प्रश्नोत्तरांवरून उकलले. त्या गुपिताच्या शक्यता सुमारे १ लाख १० हजार कोटी होत्या. खास जोडलेल्या यंत्रांनी त्या तासाभराच्या आत तपासल्या. त्यानंतर अधिक लांब गुपिते असलेल्या चिपा आल्या.

आता आपल्या गाडीकडे वळू. दोष शोधायचा, तर प्रश्न ज्या वाटेने जातो त्याच वाटेने आपणही जावे. वेटोळ्याला वीज मिळते का? बॅटरीची टोके घट्ट होती. मग चिप फुटली असेल का? चावी जोरात पडली तर तसे होते. दुसरी चावी लावून पाहणे हा त्यावरचा सर्वांत सोपा प्रयोग. पण दुसरी चावी घरी होती.

संध्याकाळी काका ती घेऊन आले. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली! म्हणजे पहिली चावी बिघडली? काका तसेच म्हणाले. मला मात्र चैन पडेना. मी पहिली चावी हातात घेतली, तेव्हा तिच्या कडीत आणखी एक चावी दिसली. भाऊ गावाला गेल्याने त्यांची मोटार काकांकडे होती आणि तिची चावी हरवू नये म्हणून काकांनी ती याच कडीत अडकवली होती.

वर्गात गुरुजींनी एक नाव पुकारले आणि दोन मुले एकदम ओरडली, तर गुरुजींना काय कळणार? तसेच झाले होते. दोन्ही चिपा वेटोळ्याजवळ, दोघींना वीज मिळे, दोघी एकदम बोलत. उत्तराचा नुसता गोंधळ! सकाळी घरून निघताना भावाची चावी खाली लोंबत असणार, म्हणून गाडी सुरू झाली. दुपारी ती वेटोळ्याला चिकटून बसली.

खात्री करायची म्हणून मी भावाची चावी काढून ठेवली आणि पहिल्याच चावीने गाडी सुरू केली. ती छान चालू झाली. मग भावाची चावी मुद्दाम कुलपाशेजारी धरून पुन्हा प्रयत्न केला. इंजिन क्षणभर घुरघुरले आणि बंद! काकांनी हा प्रयोग मला तीनदा करायला लावला.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांच्या चावीत मात्र सेल असतो. तो संपला, तर पुष्कळ गाड्यांत चावी बटणाला टेकवून धरली की काम होते. का, ते आता तुम्ही सांगू शकाल. तुमच्या घरच्या गाडीत चावी नेमकी कुठे टेकवायची, हे तिच्या माहितीपुस्तकात शोधून ठेवा.