पाळीव बदकांचे खाद्य आणि खर्चाचा हिशोब

बदक पाळायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "सर, पण आमच्याकडे तळं नाही!" तळं नसलं तरी चालतं. बदकाचं डोकं बुडेल एवढं, म्हणजे 12 ते 15 सेंटीमीटर खोल पाणी भांड्यात असलं की पुरे. खरी गोष्ट आहे खाण्याची, कारण पैसा तिथेच जातो.

आधी आपल्या दारातली जात ओळखा. खाकी कॅम्पबेल ही अंड्यांची जात, इंग्लंडमध्ये अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी तयार केलेली. चांगली मादी वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते. अंड्यावर आल्यावर तिला रोज 120 ते 170 ग्रॅम खाद्य लागतं, सोबत शिंपल्यांचा चुरा. व्हाइट पेकिन मांसासाठीची, भराभर वाढणारी. ती हौसेसाठी पाळली असेल तर मात्र समोर सतत खाद्य ठेवू नका. वजन वाढतं आणि पाय दुखावतात. मस्कोव्ही ही तर निराळीच प्रजाती, मूळची दक्षिण अमेरिकेची. तिला गवतपाला आवडतो.

आता वही काढा. समजा दोन खाकी माद्या आणि दोन पेकिन आहेत. प्रत्येकी 150 ग्रॅम धरले तर रोज 600 ग्रॅम, महिन्याला 18 किलो. किलोला 40 रुपये धरले तर 720 रुपये. खाकी माद्यांनी महिन्यात 40 अंडी दिली, तर एक अंडं 18 रुपयांना पडलं! पेकिनचा खर्च वेगळा लिहिला तर तेच अंडं 9 रुपयांचं. म्हणून हौसेचा खर्च आणि उत्पन्नाचा खर्च एकाच पानावर मिसळू नका.

खर्च कमी कुठे करायचा? आधी नासाडी थांबवा. बदक कोरडा भरडा चोचीत घेतं आणि धुवायला पाण्याकडे धावतं. बरंच खाद्य तिथेच सांडतं. भरडा ओलसर करून, पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढाच द्या. पाणी जवळ हवंच, पण अगदी चिकटून नको. शेतात सोडता आलं तर उत्तमच. केरळात कुट्टनाडमध्ये कापणी झालेल्या भातशेतांत बदकांचे कळप फिरवतात; सांडलेलं भात, गोगलगायी, किडे फुकट मिळतात.

अझोला जरूर लावा, पण भुलू नका. "किलोभर अझोला घातला, किलोभर खाद्य वाचलं" असं लोक सांगतात. अहो, त्यात 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं! तो जोड म्हणून ठीक.

पिल्लांच्या बाबतीत काटकसर नको. पहिले आठ आठवडे साधारण 20 टक्के प्रथिनांचं खाद्य हवं. बदकाच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लापेक्षा नायसिन जास्त लागतं. ते कमी पडलं की पाय वाकतात. नुसत्या तांदळाच्या कणीवर किंवा पावावर वाढवलेली पिल्लं अशीच अधू होतात. खाद्यात थोडं यीस्ट मिसळलं तरी फरक पडतो.

आणि स्वस्तातली शेंगदाणा पेंड टाळा. 1960 साली इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून जास्त पिल्लं मेली, बदकांचीही मेली. कारण निघालं बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड. त्या विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन, आणि बदकाचं पिल्लू त्याला फार लवकर बळी पडतं. मक्यालाही ही बुरशी लागते. तेव्हा पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच खाद्य आणा, पोतं फळीवर ठेवा, आणि कुबट वास आला तर सरळ फेकून द्या. उन्हात वाळवलं तरी ते विष जात नाही.