वाचकांचे प्रश्न : बहुमताने कुत्र्याला बंदी घालता येते का?

प्रश्न : आम्ही पुण्याहून बेंगळुरूच्या येलहंका न्यू टाऊनमध्ये राहायला आलो. आमच्याकडे रॉटवायलर आहे. 'घातक जातीचा कुत्रा ठेवता येणार नाही' असा ठराव अपार्टमेंटच्या असोसिएशनने बहुमताने केला. गेटबाहेरच्या भटक्या कुत्र्यांना काहीजण रोज खाऊ घालतात. त्यांच्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. ठराव आम्हाला बंधनकारक आहे का? आणि कुणाला कुत्रा चावलाच, तर जबाबदार कोण?
– एक वाचक

उत्तर : बहुमत कितीही मोठे असो, हा ठराव न्यायालयात टिकणे अवघड आहे. केंद्र सरकारनेच १२ मार्च २०२४ च्या परिपत्रकाने रॉटवायलरसह २३ जातींवर बंदी आणू पाहिली होती. संबंधितांचे म्हणणे न ऐकताच ते काढल्यामुळे कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द केले. त्याआधी २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने निवासी संघटनांचे प्राणीबंदीचे नियम बेकायदा ठरवले. तो निकाल कर्नाटकात बंधनकारक नाही, पण आधार म्हणून दाखवता येतो. मात्र रीतसर सल्लामसलत करून केंद्र पुन्हा नियम करू शकते, हेही ध्यानात ठेवा.

म्हणून शेजाऱ्यांची भीती निराधार ठरते का? मुळीच नाही. रॉटवायलरचा चावा आणि पॉमेरियनचा चावा सारखा नसतो, हा त्यांचा आक्षेप रास्तच आहे. पण त्याचे उत्तर बंदीत नाही, मालकाच्या काळजीत आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असताना पुरेशी काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. भरपाईचा दिवाणी दावा वेगळाच. धोका जितका मोठा, तितकी काळजीची अपेक्षा मोठी. त्यामुळे जात तुमच्या हक्काआड येत नसली, तरी तुमची जबाबदारी नक्की वाढवते.

भटक्या कुत्र्यांची गोष्ट निराळी. त्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण हे महापालिकेचे काम. येलहंक्यासाठी सप्टेंबर २०२५ पासून ती बेंगळुरू उत्तर महानगरपालिका. 'पकडून पुन्हा तिथेच सोडायचे, तर उपयोग काय?' असे विचारले जाते. शहरातील भटक्या कुत्र्यांची संख्या २०१९ मधील सुमारे ३.१० लाखांवरून २०२३ मध्ये २.७९ लाखांवर आली. म्हणजे उपाय संथ आहे, निरुपयोगी नाही. पण चावा बसलेल्याला या आकडेवारीने दिलासा मिळत नाही, म्हणून खाऊ घालणाऱ्यांनाही शिस्त हवी. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी रस्त्यात कुठेही खाऊ घालण्यास मनाई करून नेमून दिलेल्या जागांचा आदेश दिला. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार आवारातील कुत्र्यांसाठी अशी सोय, मुलांच्या खेळण्याच्या आणि ये-जा करण्याच्या जागा टाळून, करणे ही असोसिएशनचीही जबाबदारी आहे. तुमचा ठराव नेमका तिथेच गप्प आहे.

तेव्हा 'ठराव मागे घ्या' एवढेच पत्र देऊ नका. पालिकेचा परवाना आणि रेबीज लसीची नोंद जोडा. आखूड पट्टा, सामायिक जागेची स्वच्छता आणि गर्दीच्या वेळी लिफ्ट टाळणे स्वतःहून लेखी मान्य करा, आणि खाऊ घालण्याची जागा ठरवण्याची मागणी त्याच पत्रात करा. शेजाऱ्यांकडून काळजीची अपेक्षा करणाऱ्याने आधी आपली काळजी कागदावर आणावी. वाद न्यायालयात गेलाच, तर हाच कागद तुमच्या कामी येईल.