येताळ्या आजोबा : परात्मतेकडून स्वत्वाकडे

मराठी साहित्यातील वृद्ध म्हटला की कुसुमाग्रजांच्या 'नटसम्राट' (१९७०) नाटकातील आप्पासाहेब बेलवलकर डोळ्यांपुढे येतात. मानसन्मान भोगलेला हा माणूस उतारवयात पोटच्या मुलांना नकोसा होतो. समीक्षक अशा तुटलेपणाला परात्मता म्हणतात. पण जो जन्मापासूनच गावकुसाबाहेर आहे, त्याला म्हातारपण आणखी कशापासून तोडणार? या प्रश्नासाठी आपण बंधुमाधव यांची विषारी भाकरीची कथा अभ्यासास घेऊ. अर्जुन डांगळे यांनी १९९२ साली संपादित केलेल्या दलित साहित्याच्या इंग्रजी संकलनाचे 'पॉयझन्ड ब्रेड' हे नाव याच कथेचे आहे.

कथा नातू म्हादेवा सांगतो. आजोबा त्याला घेऊन बापू पाटलाच्या खळ्यावर कामाला जातात. शिकलेला नातू पाटलाच्या टोमण्यांना सरळ उत्तर देतो, तर आजोबा गयावया करतात. दिवसभर राबूनही धान्य मिळत नाही. जनावरांजवळचे शिळे, घाण लागलेले तुकडे घेऊन आजोबा घरी येतात आणि ते खाऊन दगावतात. कथानक एवढेच.

येताळ्या आजोबा घरच्या माणसांपासून तुटलेले नाहीत. ते तुटले आहेत स्वतःपासून. त्यांचे श्रम त्यांचे नाहीत, कारण मोल ठरलेले नाही. ते पाटलाच्या मर्जीवर. बलुत्याची मेख हीच होती. त्यांची जीभही त्यांची नाही. नातवाने माणसासारखे बोलावे, याचीच त्यांना धास्ती वाटते. ही धास्ती आम्हांस त्या भाकरीपेक्षाही विषारी वाटते. (आमच्या हिंगोली भागात निराधार योजनेचे पैसे उचलायला बँकेत येणारे कित्येक वृद्ध आजही काउंटरपासून चार पावले मागे हात जोडून उभे राहतात. पैसे त्यांच्याच खात्यातले असतात!)

शेवटच्या घटकेला मात्र आजोबा नातवाला बजावतात की, जातीने वाट्याला आलेल्या या भाकरीवर विसंबू नकोस, शिक. जन्मभर जी मागितली, तीच भाकर ते नाकारतात. हा बदल एकाएकी झाला, प्रचारासाठी घडवला, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांस तो मान्य नाही. नातवाचे उत्तर खळ्यावर आजोबांनीही ऐकले आहे. पोटातल्या तुकड्यांबरोबर तेही आत काम करीत असते. शिळे तुकडे व मृत जनावराचे मांस सोडा, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत सांगितले होते. नातवाच्या पिढीने ते सहज उचलले. आजोबांच्या पिढीला ते कानाने कळले असेल, पण पोट रिकामे असताना ते आचरणात आणणे किती कठीण, हे ही कथा दाखवते.

या परिवर्तनाला आध्यात्मिक म्हणावे काय? तीर्थयात्रा, मोक्ष या अर्थाने नाही. तथागतांनी दुःख ओळखावयास व त्याचे कारण शोधावयास सांगितले. आजोबांना कारण सापडते, आणि ते नशीब नसते. या अर्थाने आम्ही तो शब्द वापरू. मात्र उमगल्याप्रमाणे जगावयास त्यांच्याजवळ एकही दिवस उरत नाही.

विद्यार्थी मित्रांनी कथेचा शेवट वाचून झाल्यावर खळ्यावरचा प्रसंग पुन्हा वाचावा, आणि आजोबा किती वेळा गयावया करतात ते मोजावे.