गळकें छप्पर आणि आधीं केलेला हिशेब

या पाठाकरितां उपदेशक १०:१८ व लूक १४:२८ ते ३० हीं दोन स्थळें अगोदर वाचून ठेवावीं. पहिल्या स्थळीं आळशी मनुष्याच्या छपराची काय दशा होते हें दाखविलें आहे. दुसऱ्या स्थळीं बुरूज बांधूं पाहणाऱ्याचा दाखला देऊन प्रभु आपणांस खर्चाचा हिशेब आधीं करावयास शिकवितो. एक स्थळ आळशाला सावध करितें, दुसरें उतावळ्याला. आपण बहुधा दोन्ही चुका करितों. आठ महिने छपराकडे मान वर करून पाहत नाहीं, आणि मृगाचा पाऊस तोंडावर आला म्हणजे कर्ज काढून सगळेंच नवें करावयास धांवतों.

मी पूर्वीं ज्या मंडळीची सेवा करीत होतों, तेथील एका मोलमजुरी करणाऱ्या बंधूची गोष्ट सांगतों. त्याचें कौलारू घर दोन पावसाळे एकाच कोपऱ्यांत गळत होतें. वैशाखांत त्यानें सावकाराकडून कर्ज काढिलें, सर्व कौलें उतरवून मिळेल त्या भावानें विकलीं, आणि जुन्याच वाशांवर नवे पत्रे ठोकले. पत्रे चकाकूं लागले, शेजाऱ्यांनीं वाखाणले. मीं स्वतः जाऊन प्रार्थना केली व चहा घेतला, परंतु वासे कसे आहेत हें वर पाहून विचारिलें नाहीं. पंधरा दिवसांनीं वळिवाचें वादळ आलें. वासे वाळवीनें पोखरलेले होते, ते मोडले आणि पत्रे वाशांसकट शेजारच्या शेतांत जाऊन पडले. छप्पर गेलें, कर्ज राहिलें. थोरल्या मुलीची शाळा त्या वर्षीं सुटली, आणि तो बंधु लाजेनें पुष्कळ महिने उपासनेस आला नाहीं. पुढें त्यानेंच मला सांगितलें कीं, मूळ गळती चार फुटक्या कौलांची होती. त्या दिवशीं प्रार्थनेबरोबर मीं एक शिडीही मागितली असती तर बरें झालें असतें. या कारणास्तव हा पाठ लिहीत आहें.

१. छप्पर केव्हां पाहावें. वर्षांतून दोनदां पाहावें. एकदां पावसाळा संपल्यावर, कारण त्या वेळीं ओलीचे डाग ताजे असतात. आणि एकदां चैत्रांत, म्हणजे रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वीं कामास महिनाभर मिळतो. मेअखेर गवंडी, सुतार व माल या सर्वांचा भाव चढतो. तेंच काम दोन महिने आधीं केल्यास पुष्कळदां कमी पैशांत होतें.

२. गळती कोठें आहे हें शोधणें. पाणी जेथें टपकतें तेथेंच तें आंत शिरतें असें नाहीं. तें वरून शिरून वाशाच्या किंवा रिपेच्या कडेनें खालीं वाहत येतें व मग टपकतें. म्हणून पाऊस पडत असतांच आंतून खडूनें खूण करून ठेवावी, आणि उघडीप झाल्यावर त्या खुणेपासून आढ्याच्या दिशेनें वर शोध घ्यावा. पाऊस नसेल तर एकानें आंत बसावें व दुसऱ्यानें बाहेरून वळचणीपासून आरंभ करून हळूहळू वर पाणी ओतीत जावें. आधींच वरून ओतल्यास सर्वच भिजतें व कांहीं कळत नाहीं. पन्हळींतील पाला काढल्यावरच कित्येक गळत्या थांबतात. त्यास एक पैसाही लागत नाहीं.

३. दुरुस्ती कशी करावी. प्रथम लांकूड पाहावें, मग वरचें आच्छादन. आढें, तुळई व वासे यांवर ठोकून पाहावें. पोकळ आवाज आल्यास किंवा विळ्याचें टोक सहज आंत गेल्यास तेवढा वासा बदलावा. वाशाचें भिंतींत जाणारें टोक डांबर लावून बसवावें, कारण कुजणें बहुधा तेथूनच सुरू होतें.

कौलांविषयीं. आपण ज्यांस मंगळुरी कौलें म्हणतों, त्यांचा कारखाना बासेल मिशननें इ. स. १८६५ सालीं मंगळूर येथें काढिला. मिशनरी बंधूंचा हेतु व्यापार एवढाच नव्हता. ख्रिस्ती झाल्यामुळें ज्यांचा धंदा व आसरा सुटला अशांस काम मिळावें हाही होता. हें कौल एकमेकांत अडकतें, म्हणून एक फुटलें तर तेवढेंच काढून दुसरें सरकवितां येतें. नवें कौल घेतांना बोटानें वाजवून पाहावें. खणखणीत वाजलें तर चांगलें भाजलेलें, बद्द वाजलें तर कच्चें किंवा तडकलेलें समजावें. दरवर्षीं पांचपंचवीस कौलें घरांत राखून ठेवावीं, कारण जुन्या सांच्याचीं कौलें पुढें मिळतीलच असें नाहीं.

माळवदाविषयीं. गवत व रोपटीं मुळांसकट उपटावीं, भेगा खणून त्यांत भुसा घातलेली पांढरी माती ठोकून भरावी, आणि उतार पन्हळीकडे ठेवावा. परंतु दरसाल जुन्या मातीवर नवी माती चढवूं नये. तीनशें चौरस फूट माळवदावर चार इंचांचा थर म्हणजे शंभर घनफूट माती. तिचें वजन चार हजार किलोंहून अधिक भरतें. दिनांक ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें मरण पावलीं. तेथील दगडमातीच्या भिंतींवर मातीचीं जड माळवदें होतीं, आणि भिंती ढांसळतांच तो सर्व भार निजलेल्यांवर आला. म्हणून नवी माती घालण्यापूर्वीं तितकीच जुनी माती उतरवावी.

पत्र्यांविषयीं. स्क्रू पत्र्याच्या फुगवट्यावर मारावा, पन्हळींत मारूं नये. पन्हळींतून पाणी वाहतें. एका पत्र्यावर दुसरा चढवितांना उताराच्या दिशेनें निदान सहा इंच चढवावा. बहुतेक गळत्या स्क्रूखालचा रबराचा वायसर झिजल्यानें होतात; तो बदलावा, सबंध पत्रा नव्हे. सिमेंटचे जुने पत्रे पुष्कळदां अॅस्बेस्टॉसचे असतात. त्यांची धूळ फुप्फुसांस घातक आहे, म्हणून ते करवतीनें कापूं नयेत, घांसूं नयेत, फोडूं नयेत. काढणें भागच असेल तर पाण्यानें भिजवून अखंड उतरवावे. त्यांवर पाय देऊन चढूंही नये. वजनानें ते एकाएकीं मोडतात.

४. नवें छप्पर केव्हां घालावें. याकरितां बुरुजाच्या दाखल्याप्रमाणें बसून हिशेब करावा. समजा, घर २० फूट लांब व १५ फूट रुंद आहे. वळचणीसह तें २२ फूट व १७ फूट, म्हणजे ३७४ चौरस फूट झालें. कौलारू उतारामुळें त्याचे सुमारें ४३० चौरस फूट, म्हणजे सवाचार ब्रासांच्या किंचित वर होतात. एका ब्रासास सुमारें १५० मंगळुरी कौलें लागतात. एकंदर सुमारें ६४५ झालीं. आतां फुटलेलीं मोजा. चाळीस फुटलीं असतील तर सोळांतला एक भाग बिघडला आहे. त्यासाठीं पंधरा भाग फेंकून देणें शहाणपणाचें नव्हे. निम्म्याहून अधिक वासे कुजले असतील, किंवा आढेंच वाकलें असेल, तेव्हांच नवें करावें. आणि त्या वेळींही शाबूत कौलें व लांकूड निवडून पुन्हां वापरावें. कामाचा ठराव तोंडी करूं नये. माल किती, मजुरी किती, उचल किती, हें कागदावर लिहून दोघांनीं सही करावी.

५. पैसा कोठून आणावा. सावकाराचें दार शेवटचें असावें, पहिलें नव्हे. कच्च्या घरांत राहणाऱ्या गरीब कुटुंबांसाठीं प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) ही इ. स. २०१६ सालीं सुरू झाली. तींत सपाटीच्या प्रदेशांत एका घरास १,२०,००० रुपये साहाय्य ठरविण्यांत आलें. आपलें नांव यादींत आहे काय, ही चौकशी ग्रामपंचायतींत स्वतः जाऊन करावी. मध्यस्थाच्या हातावर पैसे ठेवूं नयेत. भगिनींचा बचतगट असल्यास तेथें विचारावें. कर्ज घेणारा देणाऱ्याचा चाकर होतो हें नीतिसूत्रें २२:७ मध्यें आपण वाचितों. हें ज्यांनीं भोगिलें आहे त्यांस अधिक सांगणें नको.

पैशांहून मोठें एक भांडवल आपल्या मंडळींत आहे, तें म्हणजे हात. शेतीच्या कामांत आपण सावड करितों. तशीच छपरांची सावड कां करूं नये? चैत्रांतील चार शनिवार ठरवावे, प्रत्येक घरानें एक माणूस द्यावा, आणि आरंभ विधवेच्या घरापासून करावा. अनुवाद २२:८ मध्यें घरधन्यानें धाब्यास कठडा करावा अशी आज्ञा आहे. दुसऱ्याचा जीव आपल्या छपरावरून धोक्यांत येऊं नये, ही काळजीही देवाच्या नियमशास्त्रांत आली आहे. मग शेजाऱ्याची लेंकरें गळक्या छपराखालीं रात्रभर जागत बसतात, तें आपणांशीं संबंध नसलेलें काम कसें म्हणावें?

त्या बंधूचें काय झालें हें सांगून पुरें करितों. मंडळींतील सात जणांनीं दोन शनिवार खपून त्याचें छप्पर उभें केलें. शाबूत पत्रे शेतांतून गोळा केले, नवे वासे मात्र विकत घेतले. कर्ज फेडावयास त्यास तीन वर्षें लागलीं. आतां तो चैत्र लागला कीं शिडी खांद्यावर घेऊन घरोघर फिरतो, आणि मी त्याच्या मागून खडू घेऊन जातों.

उपदेशक बंधूंनीं वर्गांत विचारावयाचे प्रश्न: (१) आपल्या घराचें छप्पर शेवटचें केव्हां पाहिलें? (२) गळतीची जागा व टपकण्याची जागा यांत फरक कां पडतो? (३) नवें छप्पर घालण्यापूर्वीं कोणत्या तीन गोष्टी मोजाव्या? (४) या चैत्रांत आपल्या मंडळींत प्रथम कोणाच्या घरावर चढावें? चौथ्या प्रश्नाचें उत्तर नांवानिशीं लिहून घ्यावें, दिवस ठरवावा, आणि मग प्रार्थना करून वर्ग सोडावा.