विज्ञानमालिका, भूमिका-खेळ आणि मराठी विज्ञानकथेचे विश्व

मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ठाकूरद्वारच्या फणसवाडी, झावबावाडी यांसारख्या वाड्यांमध्ये प्रारंभी दूरचित्रवाणी संच घरोघरी नव्हता. ज्या बिऱ्हाडी तो असे, तेथे मजल्यावरची मंडळी जमत. पाहणे ही सामुदायिक क्रिया होती आणि पाहिलेल्याची चर्चाही सामुदायिकच होती. १९८७-८८ मध्ये ‘रामायण’ मालिका चालू असताना खराट्याच्या हिरांचे बाण आणि चाळीच्या गॅलरीत उभी राहिलेली लंका हे मुंबईत परिचयाचे दृश्य होते. त्याच दशकात ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन विज्ञानमालिका दूरदर्शनवर रविवारी सकाळी दाखविली गेली. ‘इंद्रधनुष’ (१९८९) आणि ‘कॅप्टन व्योम’ (१९९८) या हिंदी विज्ञानमालिकाही त्यानंतर आल्या. मालिका संपली की प्रेक्षक तिच्या विश्वात स्वतः वावरू लागतो, ही गोष्ट साहित्याभ्यासात बहुधा पोरखेळ म्हणून दुर्लक्षिली जाते. तिच्या प्रौढ आणि नियमबद्ध रूपाचा विचार केल्यास मात्र मराठी विज्ञानकथेविषयीचा एक मूलभूत प्रश्न समोर येतो.

भूमिका-खेळाचे स्वरूप

हे नियमबद्ध रूप म्हणजे अमेरिकेत विकसित झालेला भूमिका-खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका मेजाभोवती चारसहा जण बसतात. त्यांतील एक निवेदक असतो. इतर प्रत्येकजण एकेका पात्राची भूमिका घेतो. निवेदक प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतो, आणि कृती यशस्वी झाली की नाही हे नियम व फासे ठरवितात. खेळाला ठरलेली संहिता नसते आणि रूढ अर्थाने जेताही नसतो. १९७७ मध्ये ‘ट्रॅव्हलर’ने हा प्रकार अंतराळात नेला. पुढच्या दशकात ‘स्टार ट्रेक’ आणि ‘डॉक्टर हू’ या मालिकांवर आधारलेले अधिकृत खेळही निघाले.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब ही की, मालिकेतून खेळात येते ते तिचे विश्व. कथानक मागेच राहते. यानातील अधिकाऱ्यांची उतरंड, परग्रहवासीयांचे स्वभाव, यंत्रांची शक्ती आणि मर्यादा एवढे भांडवल घेऊन खेळाडू नवे कथानक घडवितात. विश्व कथानकापासून असे सुटे झाले की ते दुसऱ्या विश्वाशी जोडताही येते. गायगॅक्स यांच्या १९८० च्या ‘एक्स्पिडिशन टू द बॅरियर पीक्स’ या साहसात जादू आणि राक्षसांच्या जगात एक अंतराळयान कोसळलेले आहे, आणि तलवारधारी वीरांना किरणशस्त्रांचे कोडे उलगडावे लागते. १९८६ मध्ये आलेल्या ‘गर्प्स’ या नियमावलीने तर कोणत्याही विश्वाला एकच नियमव्यवस्था लावण्याची सोय केली.

संकराचे समीक्षामूल्य

अशा संकराला केवळ भेसळ म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात दोन विश्वे समोरासमोर आली की प्रत्येकाची कार्यकारणव्यवस्था उघडी पडते. मंत्राने उभारलेले कवच किरणशस्त्राला अडवील काय, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मंत्र आणि शस्त्र या दोहोंचे नियम स्पष्ट करावेच लागतात. ‘स्टार ट्रेक’मधील माणसे क्षणार्धात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठविणारे यंत्र हे याचे उत्तम उदाहरण होय. नायकाला संकटात ठेवणे आवश्यक असते, तेव्हा कथालेखक ते यंत्र सोयीस्करपणे बंद पाडतो, आणि प्रेक्षक ते चालवून घेतो. खेळाडू ते चालवून घेत नाही. ‘यंत्राने परत का जाऊ नये?’ असे तो विचारतो आणि निवेदकाला कारण द्यावे लागते. कथेतील रिकाम्या जागा वाचक भरतो, हा वोल्फगांग इझर यांचा विचार येथे अक्षरशः कृतीत उतरतो. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ च्या ‘टेक्स्चुअल पोचर्स’ या ग्रंथात दूरचित्रवाणीच्या चाहत्यांकडे सर्जक वाचक म्हणून पाहिले, तेही याच दिशेने होते.

हा प्रवाह एकमार्गीही नाही. टिमथी झान यांना ‘स्टार वॉर्स’ची नवी कादंबरी (१९९१) लिहिताना संदर्भासाठी त्याच विश्वावरील भूमिका-खेळाची पुस्तके पुरविण्यात आली होती. ‘द एक्स्पान्स’ या मालिकेचे (२०१५–२०२२) मूळ तर टाय फ्रँक यांनी चालविलेल्या भूमिका-खेळात आहे. त्यातून डॅनिएल एब्रहॅम यांच्या सहकार्याने २०११ मध्ये पहिली कादंबरी झाली, कादंबऱ्यांवरून मालिका झाली आणि पुढे तिच्या विश्वावर पुन्हा खेळ निघाला.

देशी समांतर

ज्ञात विश्व आणि अलिखित संवाद यांची ही सांगड मराठी परंपरेला अनोळखी नाही. गिरगाव-लालबागच्या वस्तीत कोकणातून आलेल्यांचा मोठा भरणा होता आणि त्यांच्याबरोबर दशावतारही मुंबईत आला. पारंपरिक दशावतारात लिखित संहिता नसते. आख्यान कोणते आणि प्रसंगांचा क्रम कोणता एवढे आधी ठरते. संवाद नट रंगमंचावर रचतो. पुराणाचे नियम मोडता येत नाहीत, परंतु त्यांच्या मर्यादेत नटाला बोलण्याची पूर्ण मोकळीक असते. संकासुर तर प्रेक्षकाच्या रोजच्या बोलीत बोलून पुराण आणि वर्तमान एकत्र आणतो.

दोहोंत एक महत्त्वाचा भेद मात्र आहे. पुराणांचे विश्व कोणा एकाच्या मालकीचे नाही. कोणतीही मंडळी ते अनुमतीवाचून उभे करू शकते. मालिकेवरील अधिकृत खेळ परवान्याने निघतो आणि परवाना संपला की थांबतो. मेजाभोवतीचे चार जण त्या विश्वात मनसोक्त वावरले, तरी ते विश्व त्यांचे होत नाही.

मराठी विज्ञानकथेचा प्रश्न

या पार्श्वभूमीवर मराठी विज्ञानकथेकडे पाहता येते. जयंत नारळीकर यांची ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने आली आणि पारितोषिकप्राप्त ठरली. नारळीकर, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या पिढीची विज्ञानकथा मुख्यतः स्पर्धा, मासिके आणि दिवाळी अंक यांत वाढली. त्या चौकटीला मोजक्या पानांची कथा हवी होती. म्हणून एक वैज्ञानिक कल्पना, तिच्यातून निर्माण होणारा पेच आणि त्याची उकल असा घाट रूढ झाला. या घाटाचे गुण मोठे आहेत: शिस्त, काटकसर आणि वैज्ञानिक प्रामाणिकपणा. परंतु उकल झाली की कथेचे विश्वही मिटते. वाचकाने पुन्हा राहायला जावे असे तेथे थोडेच उरते. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत यंत्रमानवाला पुराणातील वामनाचे नाव मिळते, तेव्हा दोन विश्वांच्या संकराची शक्यता डोकावते. तिचा विस्तार पुढे फारसा झाला नाही.

याउलट भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पाहावा. त्या कथा विज्ञानकथा नव्हेत. पण फुरसुंगी, विद्याभवन आणि बन्याचा स्वभाव हे सारे कथेमागून कथेत टिकून राहिले. म्हणूनच ते विश्व दूरचित्रवाणीवर आणि २०१७ मध्ये चित्रपटात दुसऱ्यांच्या हातून पुन्हा उभे राहू शकले. टिकाऊ विश्व हे वाचकाला दिलेले आमंत्रण असते, एवढे यावरून दिसते.

याचा अर्थ कल्पनाप्रधान कथेने कादंबरीमालेला जागा द्यावी असा नव्हे. विज्ञानकथेचे मूल्यमापन आजवर ‘विज्ञान किती अचूक’ आणि ‘कथा किती रंगतदार’ या दोन निकषांवर होत आले. ‘तिचे विश्व वाचकाच्या हाती किती उरते’ हा तिसरा निकष त्यांना जोडणे आवश्यक आहे. पदव्युत्तर वर्गात त्याचा प्रयोग सहज करता येईल. कथा वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांनी तिच्या विश्वाचे नियम मांडावेत आणि शेवटानंतरचा एक प्रसंग त्या नियमांत बसवून सांगावा. जेथे नियम अपुरे पडतील, तेथेच त्या कथेची मर्यादा किंवा तिची मुद्दाम राखलेली शांतता सापडेल. दशावतारी नटाला हे कौशल्य परंपरेने मिळते. साहित्याच्या विद्यार्थ्याला ते अभ्यासाने मिळवावे लागेल.