लघवीची तक्रार : आजार किती, धास्ती किती?

दवाखान्यातली गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहणारे आणि मग दार लोटून घेत हळू आवाजात बोलणारे पन्नाशी-साठीचे गृहस्थ मला नेहमी भेटतात. लघवीची धार बारीक झाली, सुरू व्हायला वेळ लागतो, रात्री तीन-चारदा उठावे लागते, अशी तक्रार असते. पण खरा प्रश्न निघताना येतो, "डॉक्टर, कॅन्सर तर नसेल ना?" ही शंका अनेकांनी वर्षभर मनात दाबून ठेवलेली असते. आज त्या शंकेविषयीच बोलू.

मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून, अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. वयाबरोबर केस पांढरे होतात, तशीच ही ग्रंथी बहुतेक पुरुषांमध्ये हळूहळू वाढते. साठीपर्यंत सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते. ती कॅन्सर नव्हे आणि तिचा पुढे कॅन्सर होत नाही. मात्र दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात, म्हणून तपासणी हवीच. वारंवार लघवी मधुमेहातही होते. रक्तातील साखरही पाहावी.

धास्तीने त्रास वाढतो, हे लक्षात घ्या. मनावर ताण आला की मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतात. धार आणखी अडते, लघवी पूर्ण होत नाही, पुन्हा जावे लागते आणि काळजी दुप्पट होते. टॅमसुलोसिनसारख्या गोळ्या नेमके हेच स्नायू सैल करतात.

माझ्या एका शेतकरी रुग्णाने या भीतीपायी एसटीचा प्रवास सोडला, लग्नकार्याला जाणे सोडले, पाणीही तोडले. डॉक्टरांकडे मात्र जाईनात. एकदा सर्दीसाठी दुकानातून गोळ्या आणून घेतल्या आणि रात्री लघवी साफ तुंबली. नळी घालावी लागली. तपासणीत निघाली ती साधी वाढ! सर्दीच्या काही औषधांनी अशी लघवी अडू शकते.

पीएसए या रक्त तपासणीचा आकडा वाढलेला दिसला की घरात रडारड सुरू होते. साधारणपणे ४ नॅनोग्रॅमपर्यंतचा आकडा ठीक मानतात. पण वय, ग्रंथीची साधी वाढ, जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली नळी यांनीही तो वाढतो. त्यामुळे बहुधा काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. गरज वाटल्यास एमआरआय आणि बायोप्सी. बायोप्सी सांगितली म्हणजे कॅन्सर ठरला, असे नाही. कॅन्सर निघालाच, तरी प्रोस्टेटचे अनेक कॅन्सर अतिशय संथ असतात; काहींवर नुसती नियमित देखरेख पुरते. उरलेल्यांवर वेळीच उपचार झाले, तर ते गुणकारी ठरतात.

तपासणीपूर्वीच्या आणि रिपोर्टची वाट पाहण्याच्या दिवसांत एवढे करा :

१. तीन दिवस लघवीच्या वेळा आणि अंदाजे प्रमाण वहीत लिहा. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो आणि मनातला गोंधळही कमी होतो.

२. प्रश्न कागदावर लिहून न्या. पत्नीला किंवा मुलाला सोबत घ्या. घाबरलेल्या माणसाला सांगितलेले निम्मे ऐकू येत नाही.

३. दिवसा पाणी तोडू नका. संध्याकाळनंतर चहा टाळा, झोपण्यापूर्वी दोन तास पाणी कमी करा.

४. रात्री विचारांचे काहूर माजले तर उठून बसा आणि दहा मिनिटे सावकाश श्वास घ्या, त्याहून सावकाश सोडा.

५. दोन आठवडे झोप-जेवण उडाले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. चिंतेवरही उपचार आहेत.

लघवी पूर्ण बंद होऊन ओटीपोट दुखू लागले, किंवा लघवीच्या त्रासासोबत थंडी वाजून ताप आला, तर तासभरही थांबू नका. लघवीतून एकदाच आणि न दुखता रक्त गेले, तरी एक-दोन दिवसांत दाखवाच.

वाचकहो, डोळे-दात दाखवायला आपण लाजत नाही. लघवीची तक्रारही तितकीच साधी माना आणि या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ घ्या.